दाराजवळचे लहान झाड

(प्रौढ वर्गापुढे केलेले भाषण)



आज आपण एका साध्या कामाविषयी बोलणार आहोत. घरापुढे गाडी आत घेण्यासाठी केलेली काँक्रीटची वाट आहे. तिच्या अगदी कडेला एक लहान झाड वाढले आहे. ते काढावयाचे आहे. ते कसे काढावे म्हणजे माणसाला इजा होणार नाही, काँक्रीट उखडणार नाही आणि शेजाऱ्याशी तंटाही होणार नाही, एवढाच आजचा विषय.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, यात शिकायचं काय? कुऱ्हाड घेतली, चार घाव घातले, झाड आडवं!" असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मोठे झाड पाडावयाचे असले म्हणजे माणूस आपोआप सावध होतो. तो जाणत्या लाकूडतोड्याला बोलावतो. दोर आणतो. पोराबाळांना लांब पाठवतो. लहान झाड दिसले की मात्र तो लुंगी वर खोचतो आणि एकटाच कामाला लागतो. घात होतो तो इथेच. झाड लहान असले तरी त्याचे ओझे लहान नसते.

थोडे गणित करू या. वीतभरापेक्षा कमी, म्हणजे १५ सेंटिमीटर जाडीचे खोड घ्या. त्याचा एक मीटर लांबीचा तुकडा कापला तर तो ओला असताना सुमारे १५ किलो भरतो. पाण्याने भरलेली मोठी कळशीच म्हणा ना! आता असे पाच-सहा तुकडे एकावर एक उभे आहेत आणि वर फांद्यांचा पसारा आहे, असे समजा. हे सगळे एकदम खाली आले तर काय होईल? भरलेली कळशी डोक्यावर पडू द्यायला आपण तयार आहोत का? नाही ना? मग झाडालाही तोच मान दिला पाहिजे.

झाड कडेलाच का उगवते?

पूर्वी आपली अंगणे मातीची होती. शेणाने सारवलेली होती. रोजच्या झाडण्यात उगवलेले रोप उपटले जाई. आता दारापुढे काँक्रीट आले. पावसाचे पाणी काँक्रीटमध्ये मुरत नाही. ते वाहून कडेला येते आणि तिथल्या मातीत जिरते. म्हणून कडेची माती जास्त दिवस ओली राहते. कावळे, साळुंक्या पिंपळाची, उंबराची फळे खातात. त्यांच्या विष्ठेतून बी पडते आणि फटीत रुजते. सुबाभळीच्या शेंगा वाळल्या की तडकतात आणि पुष्कळ बी खाली पडते. शंभरातले एक रुजले तरी दोन-तीन वर्षांत झाड माणसाच्या डोक्यावर जाते.

सुबाभूळ हे मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचे झाड. चारा आणि जळण मिळावे म्हणून आपल्याकडे त्याचा मोठा प्रसार झाला. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचन येथे बाएफ ही संस्था काढली. त्या संस्थेने १९७० नंतरच्या काळात सुबाभळीची लागवड शेतकऱ्यांपर्यंत नेली. बांधावर आणि माळावर हे झाड उपयोगाचे आहे. दाराशी मात्र ते अडचणीचे होते. म्हणून आजच्या बोलण्यात आपण सुबाभळीचेच उदाहरण घेऊ.

मूळ काँक्रीट कसे उचलते?

मूळ प्रथम बोटाएवढे असते. काँक्रीटखाली ओल टिकते, म्हणून ते तिकडे वळते. मग दरवर्षी जाड होत जाते. काँक्रीट वरून येणारा दाब चांगले सोसते. त्यावरून गाडी गेली तरी त्याला काही होत नाही. पण ताण सोसण्याची त्याची ताकद दाबाच्या मानाने सुमारे दहावा हिस्साच असते. खालून मूळ फुगले की काँक्रीट वाकू लागते. वाकले की वरच्या अंगाला ताण पडतो आणि तडा जातो.

पण प्रत्येक तडा झाडानेच पाडला असे समजू नये. आधी तडा नीट पाहावा. तड्याजवळ काँक्रीट वर आले असेल आणि तडा झाडाच्या दिशेने जात असेल, तर बहुधा मुळाचे काम आहे. काँक्रीट खाली बसले असेल, तर खालची माती खचली आहे किंवा पाण्याने वाहून गेली आहे. काळ्या जमिनीत माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यानेही तडे जातात. कारण एक आणि शिक्षा दुसऱ्याला, असे होऊ नये.

काढायचेच का?

कुऱ्हाड हातात घेण्यापूर्वी हा प्रश्न विचारावा. झाड कडुनिंबाचे असेल, सावली देत असेल आणि काँक्रीटपासून थोडे दूर असेल, तर झाडाऐवजी काँक्रीट मागे घेता येते. खोडाभोवती मीटरभर जागा मोकळी करावी आणि तिथे माती ठेवावी. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतील झाडांच्या बाबतीत असाच आदेश दिला होता. खोडाभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढा, असे त्यात सांगितले होते. म्हणजे झाडाला श्वास घ्यायला जागा ठेवावी, हे आता न्यायाच्या दरबारातही मान्य झाले आहे.

पण झाड काँक्रीटला अगदी खेटून असेल, पुढे मोठे होणारे असेल, किंवा पायापाशी, नळापाशी असेल, तर ते लहान असतानाच काढणे शहाणपणाचे. आज ते मनगटाएवढे आहे तर एका सकाळचे काम आहे. पाच वर्षांनी तेच काम चार माणसांचे होईल.

परवानगी आणि शेजारी

दुसरा प्रश्न विचारावा तो हक्काचा. झाड कोणाच्या जागेत आहे? आपल्या जागेत, शेजाऱ्याच्या जागेत, की रस्त्याच्या जागेत? खोड हद्दीवर असेल तर शेजाऱ्याच्या घरी जावे आणि म्हणावे, "दादा, हे झाड काढायचं म्हणतोय. तुमचं काय म्हणणं?" एवढ्या एका शब्दाने पुढची चार वर्षांची अबोली टळते.

महाराष्ट्रात झाडे तोडण्याविषयी १९६४ सालचा कायदा आहे. त्यात काही झाडांची यादी दिली आहे. आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, साग, खैर, चंदन, हिरडा, ऐन, किंजळ, अंजन, बिवळा, हळदू, तिवस आणि खाडीकाठची खारफुटी ही ती झाडे. ती आपल्या जागेत असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. सुबाभूळ या यादीत नाही. नगरपालिका आणि महानगरपालिका यांच्या हद्दीसाठी १९७५ सालचा वेगळा कायदा आहे. तिथे वृक्ष अधिकारी असतो. शहरात राहणाऱ्याने झाड कोणतेही असो, आधी पालिकेत विचारावे. झाड ग्रामपंचायतीच्या रस्त्याकडेला असेल तर ग्रामपंचायतीकडे अर्ज करावा.

आता तुम्हांला लिहिता येते. मग अर्ज दुसऱ्याकडून कशाला लिहून घ्यायचा? असा लिहावा :

"मा. सरपंच, ग्रामपंचायत (गावाचे नाव), यांस. विनंती अर्ज की, माझ्या घरापुढील रस्त्याच्या कडेला सुबाभळीचे एक लहान झाड वाढले आहे. त्याच्या मुळांनी काँक्रीट उचलले आहे. ते काढण्यास लेखी परवानगी मिळावी. त्याऐवजी मी दोन झाडे लावीन व जगवीन. आपला विश्वासू," खाली सही आणि तारीख. अर्जाची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी आणि तीवर पोच घ्यावी.

वर पाहा, खाली पाहा, भोवताली पाहा

कामाच्या आदल्या दिवशी झाडाभोवती एक फेरी मारावी.

वर पाहावे. फांद्यांतून किंवा जवळून विजेची तार जात असेल तर काम तिथेच थांबवावे. ओली फांदी, ओला दोर यांतून वीज अंगात येते. महावितरणच्या कार्यालयात कळवावे, किंवा १९१२ या क्रमांकावर फोन करावा. तार बंद झाल्याचे त्यांच्या माणसाने सांगितल्याखेरीज फांदीला हात लावू नये. झाडात पक्ष्याचे घरटे आहे का, तेही पाहावे. अंडी-पिल्ले असतील तर ती उडून जाईपर्यंत थांबावे. वन्यजीव संरक्षणाचा १९७२ चा कायदाही तेच सांगतो. मधमाश्यांचे पोळे किंवा गांधीलमाश्यांचे घर असेल तर जाणत्या माणसाला बोलवावे.

खाली पाहावे. नळाचा पाइप, सांडपाण्याचा पाइप किंवा विजेची केबल या कडेने गेली आहे का? ज्या गवंड्याने काम केले त्याला विचारावे. शंका असेल तिथे टिकाव मारू नये. खुरप्याने हळूहळू माती काढावी. बिळे दिसली तर काठीने आपटून आवाज करावा. हात घालू नये.

भोवताली पाहावे. झाड कोणत्या बाजूला पडले तर चालेल? घराचे पत्रे, कुंपण, शेजाऱ्याची मोटारसायकल, गुरांचा गोठा या सगळ्यांचा अंदाज घ्यावा.

यासाठी झाडाची उंची माहीत पाहिजे. ती मोजण्याची युक्ती सोपी आहे. उन्हात एक मीटरची काठी उभी धरा. तिची सावली मोजा. समजा ती दोन मीटर भरली. मग झाडाची सावली मोजा. ती बारा मीटर भरली. काठीची सावली काठीच्या दुप्पट आहे. म्हणजे झाडाचीही सावली झाडाच्या दुप्पट आहे. बाराचे निम्मे सहा. झाड सहा मीटर उंच आहे. काम करणाऱ्यांखेरीज बाकी सर्वांनी झाडाच्या उंचीच्या दुप्पट लांब राहावे. म्हणजे इथे बारा मीटर. चुन्याने तेवढ्यावर रेघ मारावी आणि मुलांना सांगावे, "या रेघेच्या आत यायचं नाही."

हत्यारे आणि माणसे

करवत, कोयता, कुऱ्हाड, कुदळ, पहार, फावडे, घमेले, खुरपे आणि दोन चांगले दोर एवढे जमवावे. कुऱ्हाडीचा दांडा हलतो का ते पाहावे. हलत असेल तर आधी पाचर मारून पक्का करावा. हत्यारांना धार असावी. बोथट हत्याराला जोर जास्त लावावा लागतो आणि मग ते निसटते.

पायात बंद बूट हवेत, चप्पल नको. डोक्यावर टोप हवा. मोटारसायकलचे हेल्मेट असले तरी चालेल. ढलप्या डोळ्यांत उडतात, म्हणून चष्मा हवा. मजूर लावले असतील तर हे सगळे त्यांनाही द्यावे. "त्यांना सवय आहे" असे म्हणणे बरे नव्हे. कुऱ्हाड लागते तेव्हा ती सवय पाहत नाही. मजुराच्या मागे घर आहे, चुलीवर भांडे आहे. पाचशे रुपये वाचवण्यापायी कोणाचे घर उघडे पडू नये.

कमीत कमी दोन माणसे असावीत. एकट्याने हे काम करू नये. हुकूम मात्र एकाच्याच तोंडून सुटावा. दारू प्यालेल्या माणसाला हत्यार देऊ नये, मग तो पाहुणा असो की सख्खा भाऊ. पाऊस चालू असेल, वारा सुटला असेल, दिवस मावळत आला असेल, तर काम उद्यावर टाकावे. पावसाळा सरताना, माती ओलसर असताना, सकाळची वेळ सगळ्यांत चांगली. यंत्राची करवत ज्याला रीतसर शिकवली आहे, त्यानेच चालवावी.

शेंड्याकडून मुळाकडे

आता प्रत्यक्ष काम. सूत्र एकच आहे : शेंड्याकडून मुळाकडे. आधी फांद्या, मग खोड, शेवटी मुळे.

फांद्या काढताना दोन्ही पाय जमिनीवर असावेत. बांबूला बांधलेला कोयता किंवा लांब दांड्याची करवत घेऊन जेवढे हाताला येईल तेवढेच आपले काम. त्यावरचे काम चढणाऱ्या कसबी माणसाचे. झाडालाच शिडी टेकून तेच झाड कापू नये. फांदी तुटली की खोड झटका देते आणि शिडी सरकते.

मनगटाएवढी फांदी असेल तर पहिला काप खालच्या अंगाने थोडासा द्यावा. मग बोटभर पुढे वरून कापावे. असे केले म्हणजे फांदी तुटताना साल सोलत खाली येत नाही आणि फांदी आपल्या अंगावर झोकांडत नाही. फांदी जड असेल तर आधी दोर बांधावा आणि हळूहळू खाली सोडावी. काँक्रीटवर जुनी पोती आणि पेंढा पसरून ठेवावा. ओंडका कडेवर आदळला की कड टवका देते.

फांद्या उतरल्या की खोड राहते. ते पाडावयाचे मातीच्या बाजूला, काँक्रीटच्या बाजूला नव्हे. खोड जमिनीलगत कापू नये. कमरेएवढ्या उंचीवर कापावे. का, ते पुढे सांगतो.

ज्या बाजूला पाडायचे त्या बाजूने खाच घ्यावी. खाच खोडाच्या जाडीच्या चौथ्या हिश्श्याएवढी खोल असावी. खोड १६ सेंटिमीटर जाड असेल तर खाच चार सेंटिमीटर. मग उलट बाजूने, खाचेपेक्षा दोन बोटे वर, करवत लावावी. आरपार कापू नये. मध्ये बोटभर जाडीची पट्टी राहू द्यावी. ही पट्टी म्हणजे दाराची बिजागरी समजा. बिजागरी असली म्हणजे दार ठरल्या बाजूलाच वळते. ती कापून टाकली की झाड कुठेही जाईल.

कापण्यापूर्वी खोडाला वरच्या बाजूस दोर बांधावा. दोर झाडाच्या उंचीहून बराच लांब असावा. ओढणाऱ्याने पडण्याच्या सरळ रेषेत उभे राहू नये, तिरपे उभे राहावे. करवत चालवणाऱ्याने मागे आणि बाजूला पळायची वाट आधीच मोकळी करून ठेवावी. खोड हलू लागले की करवत सोडून द्यावी आणि त्या वाटेने मागे व्हावे. करवत दुसरी मिळेल.

मुळांचे काम

आता कमरेएवढा बुडखा उरला. तोच आपला तरफेचा दांडा. हा हलवूनच मुळे सैल होतात. जमिनीलगत कापले असते तर धरायला काही उरले नसते. म्हणून तो उंच ठेवायचा.

मातीच्या बाजूला आदल्या संध्याकाळी दोन-तीन बादल्या पाणी टाकावे. काँक्रीटच्या बाजूला टाकू नये. खालची भर वाहून जाते. सकाळी बुडख्यापासून हातभर अंतरावर चर खणावा. काँक्रीटच्या बाजूला चर अरुंद ठेवावा आणि कडेला समांतर न्यावा. काँक्रीटच्या खाली मात्र खणत जाऊ नये. पोकळी झाली की गाडीच्या वजनाने कड मोडते.

काँक्रीटखाली गेलेली मुळे उघडी पडली की ती सगळ्यांत आधी कापावीत. प्रत्येक मूळ दोन ठिकाणी कापावे. एक काप काँक्रीटच्या कडेशी, दुसरा बुडख्याशी. मधला तुकडा काढून टाकावा. म्हणजे बुडख्याचा आणि काँक्रीटखालच्या मुळाचा संबंध तुटला. हीच या सगळ्या कामातली मुख्य गोष्ट आहे. संबंध न तोडता बुडखा ओढला, तर मूळ वर येते आणि आपल्याबरोबर काँक्रीटही घेऊन येते. एके ठिकाणी आम्ही हे पाहिले आहे. बुडख्याला दोर बांधून ट्रॅक्टरने ओढले. बुडखा निघाला, पण त्याच्यामागोमाग घरापुढची काँक्रीटची लादी दोन हात उचलून दुभंगली. नशिबाने दोर तुटला नाही. ताणलेला दोर तुटला की चाबकासारखा येतो आणि समोरच्या माणसाला जायबंदी करतो.

माती लागलेल्या मुळांवर चांगली कुऱ्हाड चालवू नये, धार जाते. जुनी कुऱ्हाड घ्यावी. मुळे कापून झाली की बुडखा चारी दिशांना हलवावा. जिथे अडेल तिथे अजून एक मूळ आहे असे समजावे. सुबाभळीचे सोटमूळ खोल जाते. ते सगळे काढण्याचा हट्ट धरू नये. बुडख्याखाली वीतभर खणून बाजूने कापावे. पहार लावताना ती काँक्रीटच्या कडेवर टेकवू नये. मातीवर जाड फळी ठेवावी आणि तिच्यावर टेकवावी.

काँक्रीटखाली राहिलेल्या मुळांचे काय? ती तिथेच राहू द्यावीत. पाला गेला, अन्न तुटले, की ती हळूहळू कुजतात. काँक्रीट पुढे थोडे बसले तर ती फट सिमेंटने भरता येते. मुळासाठी चांगली लादी फोडण्यात अर्थ नाही.

हे करू नये

वर्गातल्या एक मावशी म्हणाल्या, "गुरुजी, एवढा खटाटोप कशाला? बुडख्यात मीठ भरलं की मरतं म्हणतात." आम्ही म्हणालो, "मावशी, मीठ झाडापुरतं थांबत नाही. पावसाबरोबर मातीत पसरतं. माती नापीक होते. काँक्रीटमध्ये लोखंडी सळई असली तर ती गंजते."

कोणी ॲसिड ओततात. ॲसिड सिमेंट खाते आणि ओतणाऱ्याचा हातही. कोणी रॉकेल, डिझेल ओतून पेटवतात. काँक्रीटजवळ जाळ केला तर त्याचे पापुद्रे तडतडून उडतात आणि डोळ्यांत जातात. ओतलेले तेल जमिनीत मुरून विहिरीपर्यंत पोचू शकते. झाड काढायला गेलो आणि पाणी नासवून आलो, असे व्हायला नको.

बुडखा काढणे जमतच नसेल तर तो जमिनीलगत कापावा आणि दर पंधरा दिवसांनी फुटलेले धुमारे खुडावेत. सुबाभूळ चिवट आहे, पुन्हा पुन्हा फुटते. पण हिरवे पान टिकू दिले नाही तर मुळातला साठा संपतो. याला काही महिने लागतात. धीर धरावा.

खड्डा भरणे

खड्डा तसाच ठेवू नये. रात्री त्यात गुरू पडेल, म्हातारे माणूस पडेल. मुरूम आणि माती घालून त्याच दिवशी भरावा. सगळी माती एकदम लोटू नये. सहा इंचांचा थर घालावा, थोडे पाणी शिंपडावे, धुम्मसाने ठोकावे, मग दुसरा थर. काँक्रीटच्या कडेखाली फट असेल तिथे मुरूम काठीने नीट ठासावा. वरचा उतार काँक्रीटपासून दूर जाईल असा ठेवावा. म्हणजे पाणी कडेला साचणार नाही आणि नवे रोप रुजायला जागा राहणार नाही. पुढे महिन्यातून एकदा कडेने फिरून बोटभर असतानाच रोप उपटावे.

काढलेले लाकूड जळणाला होते. पाला शेळ्यांना आवडतो. पण नुसता तोच पोटभर घालू नये, दुसऱ्या चाऱ्यात मिसळून द्यावा. निव्वळ सुबाभळीने जनावरांना अपाय होतो, त्यांचे केस गळतात.

इजा झालीच तर

एवढे करूनही अपघात होऊ शकतो. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडके जखमेवर घट्ट दाबून धरावे. हळद, चहापूड, माती काही लावू नये. साप चावला तर चावलेली जागा कापू नये, चोखू नये. माणसाला हलू देऊ नये, धीर द्यावा आणि सरकारी दवाखान्यात न्यावे. १०८ क्रमांकावर फोन केला की रुग्णवाहिका येते. हा आकडा घराच्या दाराआड खडूने लिहून ठेवा. आता तो घरातल्या प्रत्येकाला वाचता आला पाहिजे.

एक काढले, दोन लावावीत

अर्जात आपण दोन झाडे लावण्याचे लिहिले आहे. शब्द पाळावा. काँक्रीटजवळ कढीपत्ता, जास्वंद, पारिजातक अशी लहान झाडे लावावीत, तीही दोन-तीन हात सोडून. आंबा, कडुनिंब, चिंच ही मोठी होणारी झाडे घरापासून आणि वाटेपासून चांगली वीस फूट लांब लावावीत. झाड लावतानाच ते मोठे झाल्यावर केवढे होईल, याचा विचार करावा. तो केला असता तर आजचे हे काम निघालेच नसते.

ध्यानात ठेवा

आधी विचारा, मग तोडा. शेजाऱ्याला, ग्रामपंचायतीला किंवा पालिकेला.
विजेची तार जवळ असेल तर हात लावू नका.
झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर लोकांना ठेवा.
शेंड्याकडून मुळाकडे या.
काँक्रीटच्या कडेशी मुळे आधी कापा, मग बुडखा हलवा.
खड्डा त्याच दिवशी भरा.
दोन झाडे लावा.

मंडळी, हे पान घरी न्या आणि घरच्या माणसांना मोठ्याने वाचून दाखवा. एखादा शब्द अडला तर उद्या वर्गात विचारा. ज्याच्या दारी असे झाड असेल त्याने आज घरी गेल्यावर त्याच्याभोवती एक फेरी मारावी, वर, खाली आणि भोवताली काय दिसले ते पाटीवर लिहून आणावे. उद्याचा आपला धडा तिथूनच सुरू करू.